तुळई, खांब आणि पोलादी चौकट : एका हिशेबाची पार्श्वभूमी

बेळगावच्या उद्यमबागेत एखाद्या कारखान्यासाठी किंवा पाण्याच्या टाकीसाठी पोलादी चौकट उभारायची झाली, की बोलणे सहसा तुळईपासून सुरू होते : आय सेक्शन (इंग्रजी I अक्षराच्या छेदाची पोलादी तुळई) किती उंचीचा घ्यायचा? खांबाचा विषय मागाहून निघतो आणि तोही बहुधा वजनापुरताच. या सवयीचे मूळ जुन्या बांधकामात असावे, असे मला वाटते. खानापूर-निपाणीकडच्या जुन्या घरांतील लाकडी खांब जाड आणि बुटके असत, ते सहसा दगा देत नसत. लांब तुळई मात्र डोळ्यांदेखत लवत असे.

युरोपातही अभ्यासाची सुरुवात तुळईपासूनच झाली. १६३८ मध्ये गॅलिलिओने भिंतीत रोवलेल्या तुळईचा हिशेब मांडला. मात्र तिच्या संपूर्ण छेदावर सारखाच ताण येतो, असे त्याने धरले होते. भाराखाली एक कड ताणली जाते, दुसरी दाबली जाते आणि मधला थर जवळपास मोकळा राहतो, हे अभियंत्यांच्या रोजच्या हिशेबात रुजायला १८२६ मधील फ्रेंच अभियंता नाव्हिएची व्याख्याने यावी लागली. आय सेक्शनचे बरेचसे पोलाद वरच्या-खालच्या फ्लँजमध्ये, म्हणजे आडव्या पट्ट्यांत, असते, ते याच कारणाने.

खांबाचे गणित गणितज्ञ ऑयलरने १७४४ मध्येच सोडवले होते. सडपातळ खांब पोलाद चिरडून नव्हे, तर बाजूला वाकून कोलमडतो आणि त्याची लांबी दुप्पट झाली की तो पेलू शकणारा भार चौथाईवर येतो, हा त्याचा निष्कर्ष. बुटक्या दगडी-लाकडी खांबांच्या काळात त्याची फारशी निकड नव्हती; लोखंडाने खांब बारीक केले, तेव्हा ती भासू लागली. मध्यम लांबीच्या खांबांना हे सूत्र जसेच्या तसे लागू पडत नाही, म्हणून १८८९ मध्ये जर्मन अभियंता एंगेसरने त्यात दुरुस्ती सुचवली. तरीही १९०७ मध्ये कॅनडातील क्वेबेक पूल बांधकाम चालू असतानाच कोसळला आणि ७५ कामगार दगावले. दाब सोसणारे भाग आणि त्यांना एकत्र बांधणारी जाळी अपुरी ठरली होती. दोन चॅनेल (इंग्रजी C सारख्या छेदाचे पोलादी भाग) पट्ट्यांनी जोडून केलेला खांब दिसला, की आजही माझी नजर आधी त्या पट्ट्यांवर जाते.

चौकटीत तुळई आणि खांब वेगळे राहत नाहीत, कारण पक्क्या सांध्यातून एकाचे वाकणे दुसऱ्यात उतरते. हा गुंता हाताने सोडवण्याची सोपी रीत अमेरिकन अभियंता हार्डी क्रॉसने १९३० मध्ये दिली. आपल्याकडे पोलादी बांधकामाची भारतीय मानक संहिता, आयएस ८००, १९५६ मध्ये आली आणि २००७ च्या आवृत्तीत ती मर्यादा-अवस्थेच्या पद्धतीवर, म्हणजे बांधकाम निकामी ठरण्याच्या मर्यादा धरून हिशेब करण्यावर, बेतली गेली.

या साऱ्या हिशेबात निर्णायक ठरतात ती खांबाची टोके. दोन्ही टोके फिरण्यास मोकळी पण जागेवर धरलेली असतील, तर मिळणारा भार मूळ माप मानावा. दोन्ही टोके पक्की जखडली तर तो सिद्धांतानुसार चौपट होतो, आणि तळ पक्का पण माथा फिरण्यास आणि बाजूला सरकण्यास मोकळा असेल तर चौथाईच उरतो. म्हणून बेसप्लेटचे (खांबाच्या तळपट्टीचे) बोल्ट आणि चौकटीला बाजूला सरकू न देणारे तिरके ब्रेसिंग हा हिशेबाचाच भाग आहे. ट्रॉलीला वाट देण्यासाठी ब्रेसिंगचा अँगल कापला, तर त्या चौकटीचे खांब नव्याने तपासावे लागतात.