अप्रेंटिस की युवा कार्य प्रशिक्षण? सही करण्याआधी एवढं वाचा

फिटर ट्रेड पास झालेल्या माझ्या एका विद्यार्थ्याचा परवा फोन आला. कारखान्यात अप्रेंटिस लागून त्याला तीन महिने झालेत. म्हणाला, "सर, सोडू का हे? आमच्या गावच्या कार्यालयात युवा प्रशिक्षणात घेतायत. तिथे 8,000 मिळतात, इथे 7,000. आणि घरचं जेवण."

मी आयटीआयमध्ये शिकवतो आणि हा प्रश्न मला सारखा ऐकू येतो. दोष मुलांचा नाही. दोन्हीकडे पगाराला 'विद्यावेतन' म्हणतात, दोन्हीकडे ऑनलाइन नोंदणी, आधारला जोडलेलं खातं आणि 'प्रशिक्षणार्थी' हाच शब्द. पालकांना तर दोन्ही म्हणजे 'पोरगं सरकारी योजनेत लागलं' एवढंच कळतं. प्रत्यक्षात एक कायदा आहे आणि दुसरी योजना. सगळा फरक तिथून सुरू होतो.

अप्रेंटिस म्हणजे शिकाऊ उमेदवारी. तिच्यामागे 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. 30 किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, मनुष्यबळाच्या अडीच ते 15 टक्के. म्हणजे कंपनी तुम्हाला उपकार म्हणून घेत नसते. तुमचा आणि तिचा रीतसर करार होतो, तो पोर्टलवर नोंदला जातो आणि त्यात ट्रेड, मुदत, विद्यावेतन लिहिलेलं असतं.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना ही महाराष्ट्र शासनाची. जून 2024 च्या अतिरिक्त अर्थसंकल्पात तिची घोषणा झाली, जुलैत शासन निर्णय निघाला आणि लोकांनी तिला 'लाडका भाऊ योजना' म्हणायला सुरुवात केली. दरवर्षी 10 लाख तरुणांना प्रत्यक्ष कामाचा अनुभव द्यायचा, हा हेतू. तिचं मूळ मात्र जुनं आहे. 1974 पासून राज्यात रोजगार प्रोत्साहन कार्यक्रम होता. घरातल्या एखाद्या काकांनी 'ईपीपी'वर काम केल्याचं सांगितलं, तर ते याच घराण्यातलं. वय 18 ते 35, महाराष्ट्राचा अधिवास, शिक्षण किमान बारावी किंवा आयटीआय, आणि शिक्षण सध्या चालू नको. मुदत आधी 6 महिने होती, 2025 मध्ये ती 5 महिन्यांनी वाढवून एकूण 11 महिने केली. लाभ एकदाच मिळतो.

आता पैशाचं बोलू, कारण बहुतेकांचा निर्णय तिथेच होतो. युवा प्रशिक्षणात बारावीला 6,000, आयटीआय किंवा पदविकेला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये दरमहा. हे राज्य सरकार थेट खात्यात टाकतं. अप्रेंटिसला 2019 मध्ये सुधारलेल्या नियमांत किमान रक्कम दिली आहे: आयटीआयवाल्याला 7,000, पदविकेला 8,000, पदवीधराला 9,000. 'किमान' हा शब्द लक्षात ठेवा, कंपनी याहून जास्त देऊ शकते आणि बऱ्याच देतातही. एकाहून जास्त वर्षांची अप्रेंटिस असेल तर दुसऱ्या वर्षी 10 टक्के वाढ.

एक घोटाळा इथे नेहमी होतो. मुलगा पासबुक दाखवतो, "सर, कंपनीने दीड हजार कापले." कापलेले नसतात. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार विद्यावेतनाचा 25 टक्के, जास्तीत जास्त 1,500 रुपये, वाटा उचलतं आणि 2023 पासून तो वाटा उमेदवाराच्या खात्यात वेगळा जमा होतो. 7,000 मधले 5,500 कंपनीचे, 1,500 सरकारचे. दोन्ही नोंदी एका दिवशी येतीलच असं नाही. आधी दोन्ही बघा, मग कंपनीच्या एचआरकडे जा. खातं आधारला जोडलेलं नसलं तर मात्र तो वाटा अडकतो, आणि ते काम बँकेत जाऊन स्वतःच करून घ्यावं लागतं.

याहून महत्त्वाची गोष्ट कुणी विचारतच नाही: काम करताना लागलं तर? मशीनवर काम करणाऱ्या मुलाच्या बाबतीत मला हा प्रश्न पगाराआधीचा वाटतो. शिकाऊ उमेदवार हा कायद्याने 'कामगार' नाही, त्यामुळे कामगार कायदे त्याला सरसकट लागू होत नाहीत. पण सुरक्षितता, आरोग्य आणि कल्याणाच्या तरतुदी लागू आहेत, आणि प्रशिक्षणात अपघाती इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर आहे. युवा प्रशिक्षणाच्या शासन निर्णयात मात्र किमान वेतन, राज्य कामगार विमा, भविष्य निर्वाह निधी, नुकसानभरपाई हे कायदे लागू नाहीत असंच म्हटलं आहे. टेबलावर बसून नोंदी करणाऱ्याला हा फरक जाणवणार नाही. प्रेस मशीनवर हात घालणाऱ्याला जाणवेल. कारखान्यात युवा प्रशिक्षणातून जाणाऱ्या प्रत्येकाने मशीनला हात लावण्याआधी आस्थापनेला विचारावं, माझा विमा आहे का, आणि उत्तर लेखी घ्यावं.

मग हाती काय उरतं? त्या फिटर मुलाला मी हेच समजावत होतो. आयटीआयनंतर त्याची अप्रेंटिस एक वर्षाची. शेवटी व्यवसाय परीक्षा असते, तीत पास झालं की राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र. हा कागद देशभर चालतो आणि भरतीच्या जाहिरातीत त्याचं नाव असतं. रेल्वेच्या लेव्हल 1 (पूर्वीच्या 'गट ड') भरतीत 20 टक्के जागा रेल्वेतच अप्रेंटिस पूर्ण केलेल्यांसाठी राखीव असतात. उत्तर प्रदेशच्या परिवहन महामंडळाच्या प्रकरणात 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की बाकी सगळं सारखं असेल तर थेट आलेल्या उमेदवाराआधी प्रशिक्षित अप्रेंटिसला प्राधान्य द्यावं. युवा प्रशिक्षणानंतर आस्थापना अनुभवाचं प्रमाणपत्र देते. त्यालाही किंमत आहे, पण त्यामागे परीक्षा नाही.

परमनंट होण्याची हमी दोन्हीकडे नाही, हे मी जोर देऊन सांगतो. करारात तशी अट नसेल तर अप्रेंटिसला नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही, असं कायदाच म्हणतो. 20 मार्च 2018 ला दादर-माटुंग्याच्या मध्ये रुळांवर बसलेली पोरं आठवा. ते रेल्वेचे अप्रेंटिसच होते, आणि 20 टक्क्यांची मर्यादा काढून सगळ्यांना सामावून घ्या, ही त्यांची मागणी होती. युवा प्रशिक्षणार्थींनीही मुदत संपताना कायम करण्यासाठी आंदोलनं केली. त्यांचं दुःख मला खोटं वाटत नाही. ग्रामपंचायतीत 11 महिने दाखले काढून देणाऱ्या मुलीला सगळं गाव 'मॅडम' म्हणायला लागलेलं असतं, आणि एका तारखेला तिची खुर्ची रिकामी होते.

म्हणून युवा प्रशिक्षण वाईट, असं मी कुणाला सांगत नाही. बारावीनंतर थांबलेला किंवा बीए करून घरी बसलेला, हातात ट्रेड नसलेला मुलगा, ज्याच्या तालुक्यात धड कारखाना नाही, त्याला ही चांगली सुरुवात आहे. कार्यालयात टपाल आवक-जावक कसं चालतं, टिपणी कशी लिहितात, माणसांशी कसं बोलायचं, हे त्याला दुसरीकडे कुठे कुणी पैसे देऊन शिकवणार नाही. त्या महिन्यांत टायपिंगची परीक्षा द्यावी, सरळसेवेचा अभ्यास करावा. पण आयटीआय केलेल्या मुलाने हजार रुपयांसाठी अप्रेंटिस सोडून फायली उचलाव्यात, हे मला मनापासून पटत नाही. दोन वर्षं व्हर्नियरवर 0.02 मिलिमीटर वाचायला शिकलेला हात 11 महिने फायलींत राहिला तर तो विसरतो. मी विसरलेले हात पाहिले आहेत.

(केंद्राची प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना ही आणखी तिसरीच. मोठ्या कंपन्यांत 12 महिने, 2024 मध्ये ती सुरू झाली तेव्हा वय 21 ते 24 आणि महिना 5,000. तिला या दोन्हींत मिसळू नका.)

त्या मुलाला मी म्हटलं, "कराराची प्रत काढ. ट्रेडच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाच."

थोड्या वेळाने तो म्हणाला, "फिटर लिहिलंय, सर. पण मला पॅकिंगला लावलंय."

सोडायचं खरं कारण हजार रुपये नव्हतंच. त्याला कुणी फिटिंग शिकवत नव्हतं. जिल्ह्याच्या बीटीआरआय केंद्रात, म्हणजे अप्रेंटिसांच्या मूलभूत प्रशिक्षणाच्या सरकारी केंद्रात, शिकाऊ उमेदवारीचे अधिकारी बसतात, आणि ट्रेडबाहेरचं काम देत असतील तर तक्रार तिथेच करायची. सोमवारी आम्ही दोघं जाणार आहोत. कराराची प्रत त्याने फोल्डरमध्ये घालून ठेवली आहे.