चामखिळीवर लस का नाही?

सोलापुरात विडी वळणाऱ्या बाईच्या तर्जनीवर, नखाच्या अगदी कडेला, खरखरीत चामखीळ दिसली तर नवल वाटायला नको. भिजवलेली तेंदूपाने दिवसभर हाताळून कातडी मऊ पडते, कात्रीचे बारीक ओरखडे उठतात, आणि विषाणूला तेवढी वाट पुरते. भिंगातून पाहिल्यास चामखिळीत काळे ठिपके दिसतात. त्यांना लोक 'मूळ' म्हणतात, पण त्या रक्त गोठलेल्या केशवाहिन्या असतात.

हा विषाणू म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, अर्थात एचपीव्ही. चामखिळीचा गाळून घेतलेला, पेशीविरहित रस स्वतःच्याच हातात टोचून चुफ्फो या इटालियन डॉक्टरने 1907 साली ती संसर्गजन्य असल्याचे दाखवून दिले. याच कुळातल्या विषाणूंमुळे होणाऱ्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर 2006 पासून लस मिळते, आणि 2022 साली पुण्यात तयार झालेल्या लशीलाही परवानगी मिळाली. मग तीच लस बोटावरच्या चामखिळीला का चालत नाही?

याचे उत्तर विषाणूच्या कवचात आहे. हे कवच एल-1 नावाच्या प्रथिनाच्या 360 रेणूंनी बनते, आणि हे रेणू आत जनुके नसतानाही आपापले जुळून पोकळ गोळा तयार करतात, हे इयान फ्रेझर आणि जियान झोऊ यांनी 1991 साली दाखवले. आजच्या लशीत हाच निरुपद्रवी गोळा असतो. मात्र शरीर त्याविरुद्ध जी प्रतिपिंडे बनवते, ती बहुतांशी त्याच प्रकाराला ओळखतात. एचपीव्हीचे 200 हून अधिक प्रकार आहेत. पुण्याची लस 6, 11, 16 आणि 18 या प्रकारांवर बेतलेली आहे, तर हातापायांच्या चामखिळी प्रामुख्याने 1, 2, 4, 27 आणि 57 या प्रकारांमुळे होतात. एका कुलपाची किल्ली शेजारच्या घराला लागत नाही, तसेच हे.

म्हणून संशोधकांचे लक्ष एल-2 या दुसऱ्या प्रथिनाकडे वळले आहे. त्याचा एक छोटा तुकडा बहुतेक प्रकारांत जवळपास सारखाच असतो. पण तो कवचात दडलेला असल्यामुळे नैसर्गिक संसर्गात प्रतिकारयंत्रणेच्या नजरेला सहसा पडत नाही. तो एल-1 च्या गोळ्यावर मुद्दाम बाहेर काढून बसवला, की प्राण्यांमध्ये अनेक प्रकारांना अडवणारी प्रतिपिंडे तयार होतात. त्वचेत ती पोहोचणार कशी, ही शंकाही रास्त आहे, कारण हा विषाणू रक्तात उतरतच नाही. मात्र ज्या ओरखड्यातून तो खालच्या थरातल्या पेशींपर्यंत शिरतो, त्याच ओरखड्यातून रक्तद्रवही झिरपतो, आणि प्रतिपिंडे त्यातच असतात.

खरी अडचण मला चाचणीची वाटते. मुलांच्या चामखिळींपैकी सुमारे दोन तृतीयांश दोन वर्षांत आपोआप जातात. घोड्याच्या शेपटीचा केस बांधून चामखीळ गळाल्याचे किस्से आपल्याकडे घरोघरी ऐकू येतात ते याच भरवशावर, आणि एचपीव्हीची लस घेतल्यावर चामखिळी गेल्याच्या तुरळक वैद्यकीय नोंदींकडेही म्हणूनच सावधपणे पाहावे लागते. प्रतिबंधक लशीसाठी तर अजून चामखीळ न झालेली मुले निवडून, निम्म्यांना लस व उरलेल्यांना नुसते द्रावण देऊन, कुणाला काय टोचले हे तपासणाऱ्यालाही न सांगता, त्यांचे हातपाय काही वर्षे पाहत राहावे लागेल. सहसा जीव न घेणाऱ्या आजारासाठी एवढा खर्च करायला कंपन्या सहजी पुढे येत नाहीत. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या हातांवर चामखिळींचे पुंजके उठतात, आणि ते आपोआप जात नाहीत.