जैवपृष्ठक्रियाकारके

जैवपृष्ठक्रियाकारके : सूक्ष्मजीवांनी निर्माण केलेले, पाण्याचा पृष्ठताण कमी करणारे पदार्थ. साबणाप्रमाणे यांच्याही रेणूचे एक टोक जलस्नेही व दुसरे जलविरोधी असते. त्यामुळे हे रेणू पाणी-हवा किंवा पाणी-तेल यांच्या सीमेवर गोळा होतात. २५° से. तापमानाला पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. बॅसिलस जीवाणूपासून मिळणारे सरफॅक्टिन अत्यल्प प्रमाणात मिसळले तरी तो २७ च्या आसपास उतरतो. रिठा व शिकेकाई यांतील सॅपोनिनांनाही काही लेखक याच नावाखाली घेतात. या नोंदीत फक्त सूक्ष्मजीवजन्य पदार्थ गृहीत धरले आहेत. प्रयोगशाळांत ‘बायोसर्फॅक्टंट’ हाच शब्द रूढ आहे.

रासायनिक दृष्ट्या ग्लायकोलिपिडे म्हणजे शर्करा जोडलेले मेद (रॅम्नोलिपिड, सोफोरोलिपिड, ट्रेहॅलोज लिपिड), लिपोपेप्टाइडे म्हणजे अमिनो आम्लांची साखळी जोडलेले मेद (सरफॅक्टिन, इट्युरिन, फेंजायसिन) आणि मोठ्या रेणुभाराचे बहुवारिक (इमल्सान) हे प्रमुख गट होत.

शोधाचे वर्ष : रॅम्नोलिपिडाच्या शोधाचे श्रेय बहुतेक संदर्भांत जार्विस व जॉन्सन यांच्या १९४९ मधील निबंधाला दिले जाते. स्यूडोमोनस एरुजिनोझा या जीवाणूच्या ग्लायकोलिपिडात रॅम्नोज ही शर्करा व बीटा-हायड्रॉक्सिडेकॅनॉइक आम्ल असल्याचे त्यांनी त्यात मांडले. मात्र त्याआधीच, १९४६ मध्ये, बर्गस्ट्रॉम, थेओरेल व डेव्हिड यांनी त्याच जीवाणूपासून (तेव्हाचे नाव स्यू. पायोसायानिया) ‘पायोलिपिक आम्ल’ वेगळे केले होते. त्यांचे लक्ष क्षयाच्या जंतूंवरील परिणामाकडे होते, फेसाकडे नव्हे. पदार्थ प्रथम हाती आला तो शोध असे मानले, तर १९४६ हे वर्ष अधिक सयुक्तिक वाटते. संरचनेला महत्त्व दिले तर १९४९ सुद्धा पुरत नाही, कारण दोन रॅम्नोजांमधील बंधाचा उलगडा एडवर्ड्स व हायाशी यांनी १९६५ मध्ये केला. सरफॅक्टिनची कथाही अशीच आहे. १९६८ मध्ये जपानी संशोधकांनी बॅसिलस सबटिलिसपासून ते मिळवले, ते रक्त गोठण्याच्या क्रियेतील फायब्रिनला रोखणारा पदार्थ म्हणून. सोफोरोलिपिडाचे पहिले वर्णन १९६१ चे असून ते यीस्टपासून मिळते.

ओळख व मापन : ‘पृष्ठक्रियाकारक’ आणि ‘पायसीकारक’ (तेल व पाणी यांचे दुधाळ मिश्रण म्हणजे पायस टिकवणारा) हे शब्द अनेकदा एकमेकांऐवजी वापरले जातात, ते योग्य नाही. लहान रेणू पृष्ठताण उतरवतात. इमल्सानसारखे मोठे रेणू तो फारसा उतरवत नाहीत, पण तेलाच्या थेंबांभोवती आवरण धरून पायस दीर्घकाळ टिकवतात. ई-२४ या पायसीकरणाच्या निर्देशांकासाठी नळीत संवर्धद्राव (जीवाणू वाढवलेला द्राव) व केरोसीन घुसळून २४ तासांनी पायसाच्या थराची उंची मोजतात आणि एकूण उंचीशी तिची टक्केवारी काढतात. हा आकडा चांगला आला म्हणजे पृष्ठताण उतरलाच, असे होत नाही. रक्त-आगारावर (रक्त मिसळलेल्या घट्ट वाढ-माध्यमावर) दिसणारे रक्तविलयनाचे, म्हणजे रक्तपेशी फुटल्याचे, वलयही फसवे असते, कारण ते जीवाणूंच्या विकरांमुळेही पडते. तेलकट पृष्ठावर थेंब पसरतो की गोल राहतो हे पाहणे साधे व बरेच भरवशाचे. अंतिम निर्णय मात्र पृष्ठताणमापीवरच करावा. गॅरेज किंवा पेट्रोल पंपाजवळची तेलकट माती आणून असे जीवाणू शोधणे हा जळगाव-धुळ्याकडच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना जमण्याजोगा प्रकल्प आहे. त्यात ई-२४ वर थांबण्याची चूक सहज होते.

उपयोग : खनिज तेलाच्या टाक्यांतील गाळ सैल करणे हा जुना उपयोग. कुवेतमधील टाकीवरील अशा प्रयोगात ९० टक्क्यांहून अधिक हायड्रोकार्बन परत मिळाल्याचे १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. याशिवाय तेलविहिरीतील उरलेले तेल काढणे, दूषित मातीची स्वच्छता, सौंदर्यप्रसाधने व भांडी घासण्याचे द्रव यांत त्यांचा वापर होतो. स्यू. एरुजिनोझा हा संधिसाधू रोगजंतू असल्याने औद्योगिक रॅम्नोलिपिडासाठी निरुपद्रवी स्यू. पुटिडात जनुके घालण्याचा मार्ग पुढे आला. इव्होनिक या जर्मन कंपनीचा रॅम्नोलिपिडाचा मोठा कारखाना स्लोव्हाकियात २०२४ मध्ये सुरू झाला.

कच्चा माल व खानदेश : टाकाऊ पदार्थांवर जीवाणू वाढवले की उत्पादन स्वस्त होईल, असे या विषयावरील लेखनात वारंवार म्हटले जाते. वडोदऱ्याच्या संशोधकांनी १९९७ मध्ये उसाच्या मळीवर रॅम्नोलिपिड घेऊन दाखवले. खानदेशात शहाद्याकडची मळी, सरकी व शेंगदाण्याची ढेप, तेल शुद्धीकरणातून निघणारा सोपस्टॉक असा माल आहे खरा. परंतु ढेप गुरांसाठी विकली जाते, मळी आसवनीकडे जाते आणि सोपस्टॉक धुण्याच्या साबणाला लागतो. फुकटात पडून राहणारे यात फारसे काही नाही. शिवाय मुख्य खर्च कच्च्या मालाचा नसून द्रावातून पदार्थ वेगळा व शुद्ध करण्याचा आहे. हवा सोडताच संवर्धपात्रात फेस उसळतो आणि जीवाणूंसकट बाहेर येतो. हाच फेस वेगळा गोळा करून पदार्थ मिळवण्याची युक्तीही वापरतात. यीस्टपासून सोफोरोलिपिड लिटरला १०० ग्रॅमहून अधिक मिळते. सरफॅक्टिन नैसर्गिक वाणांपासून लिटरमागे काही ग्रॅमच्या पुढे सहसा जात नाही.

शेतीत चित्र थोडे वेगळे आहे. केळीच्या पानावरील मेणामुळे फवारणीचे पाणी थेंब होऊन ओघळते, म्हणून रावेर-यावल पट्ट्यातील बागायतदार औषधात ‘स्टिकर’ घालतात. तो सामान्यतः कृत्रिम पृष्ठक्रियाकारकच असतो, आणि ही जागा तत्त्वतः रॅम्नोलिपिड घेऊ शकते. रॅम्नोलिपिडाचे बुरशीनाशक गुण मात्र जपून वाचावेत. त्याचा ठळक परिणाम डाऊनी मिल्ड्यूसारख्या (केवडा) रोगांच्या चलबीजाणूंवर, म्हणजे पाण्यात पोहणाऱ्या बीजाणूंवर, दिसतो, कारण त्यांना पेशीभित्ती नसते व त्यांचे पातळ पटल फुटते. केळीवरील करपा व पनामा मर यांच्या बुरशींना चलबीजाणू नसतात. तेथे बॅसिलसच्या इट्युरिन व फेंजायसिन यांचा विचार अधिक योग्य ठरतो. सरफॅक्टिन स्वतः बुरशीवर सौम्य असले, तरी वनस्पतीची प्रतिकारशक्ती जागी करते.