गुरूचा चौथा अंश

२०२५ च्या नोव्हेंबरात, तुळशीचे लग्न आटोपून आठवडा झाला असेल, दारव्हा तालुक्यातील आमच्या गावचा एक शेतकरी सायंकाळी माझ्या ओसरीवर येऊन बसला. अतिवृष्टीतून वाचलेल्या कापसाचा पहिला वेचा नुकताच घरी आला होता आणि मुलीच्या लग्नाची बोलणी बैठकीपर्यंत पोहोचली होती. मधल्या काळात वरपक्षाने तिची पत्रिका कोणाला तरी दाखवली आणि सारे थांबले. "गुरुजी, पोरीचा गुरू चार अंशावर मेला हाये म्हन्तेत. आता काय कराव?" असे म्हणून त्याने संगणकावर छापलेला एक कागद पुढे केला. ग्रहांच्या तक्त्यात 'गुरू, कर्क, ४ अंश ७ कला' (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) या ओळीखाली लाल पेनाने दोन रेघा ओढलेल्या होत्या. मुलीचा जन्म जुलै २००२ च्या चौथ्या आठवड्यातला.

ग्रह 'मरतो' कसा, हे आधी सांगितले पाहिजे. फलज्योतिषात बालादी अवस्था नावाचा एक नियम आहे. प्रत्येक राशीच्या ३० अंशांचे सहा-सहा अंशांचे पाच तुकडे पाडायचे आणि त्यांना बाल, कुमार, युवा, वृद्ध व मृत अशी नावे द्यायची. मेष, मिथुन अशा विषम राशींत हा क्रम सरळ चालतो आणि वृषभ, कर्क अशा सम राशींत उलटा. कर्क ही चौथी, म्हणजे सम रास असल्यामुळे तिचे पहिले सहा अंश मृत ठरतात आणि चार अंशांवरचा गुरू त्यात सापडतो. परंतु याच शास्त्राचा दुसरा नियम असा की गुरू कर्क राशीत उच्चीचा असतो आणि त्याचा परमोच्च बिंदू नेमका पाचव्या अंशावर आहे. चंद्राचेही तसेच आहे: त्याचा परमोच्च अंश वृषभेचा तिसरा आणि वृषभ ही रासही सम. म्हणजे सात ग्रहांपैकी दोन ग्रह जेथे सर्वांत बलवान मानले जातात, नेमके तेथेच ते मेलेलेही असतात. हा विरोध दाखवल्यावर त्या बापाला थोडे हायसे वाटले. माझे समाधान मात्र तेवढ्यावर झाले नाही, कारण खरा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. हे चार अंश मोजले कोठून?

वर्तुळाचे ३६० भाग करण्याची रीत बाबिलोनियातून आली. वर्षाचे दिवस ३६० च्या जवळ आहेत आणि ३६० ला कितीतरी संख्यांनी निःशेष भाग जातो, या या रीतीच्या दोन मोठ्या सोयी. तीस-तीस अंशांच्या सारख्या बारा राशीही तिकडच्याच, इसवीसनापूर्वी पाचव्या शतकातल्या. आपल्याकडे आधीपासून होती ती नक्षत्रे; राशींचे सूक्ष्म गणित पुढे ग्रीकांच्या संपर्कातून आले आणि त्याच्या खुणा आपल्या शब्दांतच राहिल्या आहेत. 'केंद्र' हा ग्रीक शब्द आहे आणि कलेला संस्कृत ग्रंथांत जो 'लिप्ता' हा शब्द येतो, तोही ग्रीकच. अंश हे असे मोजमाप आहे, जसे एकर किंवा क्विंटल. मोबाइलवर सध्या फिरणाऱ्या चित्रफितींत प्रत्येक अंशाचे वेगळे फळ 'प्राचीन ज्ञान' म्हणून सांगितले जाते आणि राशीच्या अखेरच्या, २९ व्या अंशाची विशेष भीती घातली जाते. त्यांच्यामागे असलेल्या पद्धतींपैकी ३६० अंशांना ३६० चित्रे वाटून देणारी एक प्रसिद्ध पद्धत १९२५ साली अमेरिकेतील सॅन डिएगो येथे तयार झाली. तिला प्राचीन म्हणणे ही वाचकाची सरळ फसवणूक आहे.

आता शून्याकडे वळू. सूर्य वर्षभरात ताऱ्यांमधून ज्या मार्गाने जाताना दिसतो, त्याला क्रांतिवृत्त म्हणतात. पृथ्वीचे विषुववृत्त आकाशात वाढवले तर ते या मार्गाला दोन ठिकाणी छेदते आणि सूर्य २०-२१ मार्चच्या सुमारास ज्या छेदावर येतो, तो वसंतसंपात. पाश्चात्त्य ज्योतिषी तेथून मेषेचा शून्य अंश मोजतात. अडचण अशी की हा बिंदू स्थिर नाही. इसवीसनापूर्वी १३० च्या सुमारास ग्रीक ज्योतिर्विद हिप्पार्कसने चित्रा या ताऱ्याच्या जागेची सुमारे दीडशे वर्षांपूर्वीच्या नोंदीशी तुलना केली, तेव्हा तारा सुमारे दोन अंश सरकलेला आढळला. सरकला होता तो तारा नव्हे, मोजणीचा आरंभबिंदू. आजच्या मापनानुसार हा बिंदू दरवर्षी ५०.३ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग), म्हणजे साधारण ७२ वर्षांत एक अंश, पश्चिमेकडे सरकतो आणि सुमारे २५,८०० वर्षांत पूर्ण फेरी मारतो.

तो का सरकतो, याचे उत्तर मला शाळेत शिकवताना तीस वर्षे भुरळ घालत आले आहे, म्हणून त्यासाठी थोडी अधिक जागा घेतो. पृथ्वी पूर्ण गोल नाही. तिची त्रिज्या विषुववृत्तापाशी ६,३७८ किलोमीटर, तर ध्रुवापाशी ६,३५७ किलोमीटर आहे. म्हणजे कमरेभोवती २१ किलोमीटर जाडीचा फुगवटा आहे. अक्ष २३.४ अंशांनी कललेला असल्यामुळे हा फुगवटा क्रांतिवृत्ताच्या पातळीत नसून तिरपा आहे. चंद्र आणि सूर्य त्याला सतत त्या पातळीकडे ओढतात. यात दोन वाटे चंद्राचे आणि एक सूर्याचा, असे ढोबळमानाने म्हणता येते. पृथ्वी स्वतःभोवती फिरत नसती तर या ओढीने तिचा अक्ष सरळ उभा होऊ लागला असता. परंतु फिरती वस्तू ढकलल्या दिशेला जात नाही. सायकल दुरुस्तीच्या दुकानात पुढचे चाक सुटे असेल तेव्हा त्याचा आस दोन्ही हातांनी धरावा, दुसऱ्याला चाक जोरात फिरवायला सांगावे आणि मग ते डावीकडे कलते करून पाहावे. चाक कलण्याऐवजी हातातल्या हातात वळते आणि मनगटाला आलेला तो अनपेक्षित हिसका पुढे विसरता येत नाही.

हे असे का घडते, ते न्यूटनने १६८७ साली मांडले आणि त्यासाठी त्याने फुगवट्याकडे पृथ्वीला चिकटलेल्या लहान लहान चंद्रांचे कडे म्हणून पाहिले. त्या कड्यातला एकच दगड डोळ्यांसमोर आणावा. पृथ्वीच्या फिरण्याबरोबर तो दिवसातून एकदा क्रांतिवृत्ताच्या पातळीच्या वर जातो आणि एकदा खाली. वर असताना बाहेरची ओढ त्याला खाली आणू पाहते. त्यामुळे तो ती पातळी ओलांडतो, पण ओलांडण्याची जागा यायच्या किंचित आधी. खाली असताना ओढ वर खेचते आणि पुन्हा तो पातळीवर किंचित लवकर पोहोचतो. कल तोच राहतो. ओलांडण्याची जागा मात्र दर फेरीला जराशी मागे हटत जाते. ही ओलांडण्याची जागा म्हणजेच संपात.

आणि हीच गोष्ट आपल्याला दुसऱ्या नावाने माहीत आहे. खऱ्या चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताशी सुमारे ५ अंश कललेली आहे आणि ती जेथे क्रांतिवृत्ताला छेदते, त्या दोन बिंदूंना आपण राहू आणि केतू म्हणतो. सूर्याच्या ओढीमुळे चंद्रही दर फेरीला ती पातळी थोडी आधी ओलांडतो, म्हणून राहू-केतू सदैव वक्री असतात आणि १८.६ वर्षांत उलटी फेरी पूर्ण करतात. संपाताला तीच फेरी मारायला २५,८०० वर्षे लागतात, कारण त्या पातळ फुगवट्याला आपल्याबरोबर सबंध पृथ्वी वळवत न्यावी लागते.

शून्य सरकते म्हणून भारतीय पंचांगे ते ताऱ्यांना बांधतात. पण कोणत्या ताऱ्याला? १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीने चित्रा तारा बरोबर १८० अंशांवर धरला आणि २१ मार्च १९५६ रोजी संपात व हे शून्य यांतील अंतर, म्हणजे अयनांश, २३ अंश १५ कला ठरवले. आपल्याकडचे टिळक पंचांग मात्र रेवतीचा योगतारा, म्हणजे त्या नक्षत्राचा खुणेचा तारा, शून्यावर धरते. दोन्ही ठिकाणचे गणित चोख आहे, तरी दोन्ही शून्यांत सुमारे ४ अंशांचा फरक पडतो. म्हणूनच एका पंचांगात मकरसंक्रांत १४ जानेवारीला असते, तर दुसऱ्यात १० जानेवारीला.

आता त्या मुलीचा गुरू पुन्हा घेऊ. चित्रापक्षाने तो कर्केच्या ४ अंशांवर, म्हणजे मृत. टिळक पंचांगाच्या शून्यापासून मोजला तर ८ अंशांवर, म्हणजे वृद्ध. संपातापासून सायन पद्धतीने मोजला तर कर्केच्याच २८ अंशांवर, म्हणजे बाल. ग्रह एकच, रात्र एकच आणि आकाशातील जागाही एकच. शिवाय त्या दिवसांत गुरूला एक अंश चालायला सुमारे साडेचार दिवस लागत होते. तेवढ्या काळात एकट्या भारतात जन्मलेल्या काही लाख मुलामुलींचा गुरू याच अंशावर आहे. त्या सर्वांचे संसार एकाच गोष्टीने बिघडावेत असे मानणे मला क्रूरपणाचे वाटते, कारण त्याची किंमत ज्यांचा काही दोष नाही अशा मुलींना मोजावी लागते.

अंश निरुपयोगी आहेत, असे मात्र कोणी समजू नये. आमच्याकडचा शेतकरी पिढ्यान्पिढ्या अंशांवरच पेरणीचा अंदाज बांधत आला आहे. एक नक्षत्र १३ अंश २० कलांचे आणि सूर्याची चाल दिवसाला सुमारे एक अंश, म्हणून एक नक्षत्र साधारण तेरा-चौदा दिवस चालते. सूर्य ५३ अंश २० कलांवर आला की मिरग लागतो, तो ७ किंवा ८ जूनला. पाऊस मात्र ऋतूंशी, म्हणजे संपाताशी बांधलेला असतो आणि नक्षत्र ताऱ्यांशी, त्यामुळे दोघांची जोडी हळूहळू सुटत चालली आहे. दर ७१-७२ वर्षांनी मिरग एक दिवस पुढे जातो. दीड हजार वर्षांपूर्वी तो ऋतूंच्या हिशेबाने सुमारे तीन आठवडे आधी, मे महिन्यात लागत असे. पंचांगात नक्षत्राचे 'वाहन' कोल्हा की बेडूक, हेही पावसासाठी पाहिले जाते. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजून नवाने भाग दिल्यावर जी बाकी उरते, तिचे ते नाव असते; ढगांचा, वाऱ्याचा किंवा समुद्राच्या तापमानाचा तिच्याशी काहीही संबंध नाही.

फळ खरे ठरते का, याची चाचणी महाराष्ट्रातच झालेली आहे. २००८ साली जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवून सहभागी ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० पत्रिका पाठवल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातील, एवढेच विचारले. २७ ज्योतिष्यांनी उत्तरे पाठवली आणि त्यांची सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडवून ५० टक्के मिळाले असते.

हे सर्व त्या सायंकाळी मी सांगितले. काही त्याला पटले, काही त्याच्या डोक्यावरून गेले असावे. जेवणे झाल्यावर रात्री अकराच्या सुमारास आम्ही गावाबाहेरच्या खळ्यावर गेलो. पूर्वेला पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांपासून उजवीकडे गुरू ठळक वर आला होता. २००२ नंतर सूर्याभोवतीच्या सुमारे बारा-बारा वर्षांच्या दोन फेऱ्या जवळजवळ पुऱ्या करून तो त्याच भागात परतला होता. हात पूर्ण लांब करून करंगळी आकाशासमोर धरली की तिची रुंदी सुमारे एक अंश भरते, हे मी त्याला दाखवले. मुलीच्या जन्मावेळी गुरू जेथे होता, ती जागा त्याच्या खाली तीन करंगळ्यांवर येत होती. त्याने तेथे बराच वेळ निरखून पाहिले. अंधाराखेरीज तेथे काही दिसत नव्हते. मग एक डोळा मिटून त्याने गुरूपासून पुनर्वसूच्या जवळच्या ताऱ्यापर्यंतचे अंतर स्वतःच्या हाताने मोजले आणि सात भरल्या म्हणून सांगितले.