स्मृतिभ्रंशस्नेही अंतर्गत रचना

स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) झालेल्या वृद्ध व्यक्तीला घरात किंवा शुश्रूषागृहात शक्य तितके स्वतःचे स्वतः, न घाबरता आणि न पडता वावरता यावे, या हेतूने केलेली खोल्यांची मांडणी आणि प्रकाश, रंग, फरशी, सामान व आवाज यांची योजना. गेलेली स्मृती अशा रचनेने परत येत नाही. मात्र जे लक्षात राहत नाही ते निदान डोळ्यांसमोर राहील, एवढे तिच्यामुळे साधते.

या विचाराचा पाया अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एम. पॉवेल लॉटन यांनी घातला. माणसाची क्षमता जितकी खालावते, तितके त्याचे वागणे भोवतालच्या परिसरावर अधिक अवलंबून राहते, हे गृहीतक त्यांनी १९६८ मध्ये मांडले. पुढे १९७३ मध्ये ल्युसिल नाहेमो यांच्यासह त्यांनी त्याला पूर्ण प्रतिमानाचे (मॉडेलचे) रूप दिले. परिसराची मागणी क्षमतेपेक्षा फार जास्त झाली की माणूस गोंधळतो, फार कमी झाली की सुस्तावतो. या प्रतिमानाचा दुसरा अर्धा भाग पुष्कळदा विसरला जातो आणि सुरक्षिततेच्या नावाखाली वृद्धांच्या हातून प्रत्येक काम काढून घेतले जाते. फिलाडेल्फियातील वाइस इन्स्टिट्यूट ही १९७४ मध्ये सुरू झालेली संस्था या विचारांवर उभारलेल्या पहिल्या इमारतींपैकी एक होती. तिथे लांबलचक बोळांऐवजी मोठ्या मोकळ्या दालनाभोवती खोल्या ठेवल्या होत्या, म्हणजे दाराबाहेर पाऊल टाकताच जेवणाची जागा आणि माणसे दिसावीत.

रचनेतील बहुतेक चुका नजरेशी संबंधित असतात. साठी ओलांडलेल्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. त्यातच स्मृतिभ्रंशामुळे समोरचे किती खोल आहे याचा अंदाज चुकतो आणि जवळजवळच्या छटा वेगळ्या ओळखू येत नाहीत. दाराशी टाकलेले काळे पायपुसणे मग खड्ड्यासारखे भासते आणि पाऊल तिथेच अडते. चकचकीत फरशी ओली वाटते, तर ठिपक्याठिपक्यांच्या फरशीवरचा कचरा उचलायला माणूस वाकतो आणि तोल जातो. म्हणून फरशी बिनचकाकीची, बिननक्षीची आणि एका खोलीतून दुसरीत जाताना छटा न बदलणारी हवी. पृष्ठभाग किती प्रकाश परावर्तित करतो हे ० ते १०० या मापनश्रेणीवर मोजतात. लगतच्या दोन फरशांमधला फरक ८ अंकांच्या आत असावा आणि जे ठळक दिसायला हवे (कठडा, दिव्याचे बटण, कमोडची बैठक) त्याचा पार्श्वभूमीशी किमान ३० अंकांचा फरक असावा, असा संकेत आहे. पांढऱ्या लाद्यांच्या न्हाणीघरात पांढरा कमोड आणि पांढरा कठडा दिसायला नीटनेटका खरा, पण या माणसाच्या लेखी तिथे काहीच नसते. हाच नियम उलटाही वापरतात: औषधे किंवा साफसफाईचे सामान ठेवलेल्या खोलीचे दार भिंतीच्याच रंगात रंगवले की तिकडे लक्ष जात नाही.

कपडे ओले होण्यामागे दरवेळी शरीराचा दोष नसतो. कित्येकदा संडास सापडलेला नसतो. अमेरिकेतील ओहायो राज्यात १९८९ मध्ये सुरू झालेल्या एका संशोधनप्रधान केंद्रात याची तपासणी झाली. कमोड नजरेच्या टप्प्यात असला की त्याचा वापर वाढतो, असे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. पलंगावर पडल्या पडल्या संडास दिसावा, हा नियम त्यातून रूढ झाला. कपाटांना काचेची दारे, पाट्यांवर शब्दासोबत चित्र, पाट्या खाली बघत चालणाऱ्यालाही दिसतील इतक्या उंचीवर, या सूचना त्याच जातकुळीच्या. खोलीच्या दाराशी छायाचित्र लावायचे तर ते तरुणपणीचे असावे. आजचा आपला चेहरा अनेकांना परका वाटतो, आणि त्याच कारणाने काही वेळा आरसाही झाकून ठेवावा लागतो.

प्रकाशाचा परिणाम झोपेवर आणि मनःस्थितीवर होतो. नेदरलँड्समधील १२ शुश्रूषागृहांतील १८९ रहिवाशांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिवसभर सुमारे १,००० लक्स (प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) प्रकाश ठेवला होता. नैराश्याची लक्षणे आणि बौद्धिक घसरण या दोन्हींत त्यामुळे फरक पडला. फरक मोठा नव्हता, पण एवढ्या साध्या उपायासाठी तो दखल घेण्याजोगा आहे. दिवस कलताना वाढणारी अस्वस्थता लांब सावल्यांनी आणि अंधारल्यावर आरसा बनणाऱ्या खिडक्यांनी आणखी बळावते. पडदे वेळेवर ओढणे आणि दिवे अंधार पडण्याआधी लावणे, एवढ्यानेही काही भागते. आवाजाचे सूत्र याहून सोपे: कोणी पाहत नसलेला टीव्ही बंद करावा.

सर्वांत अवघड प्रश्न बाहेरच्या दाराचा. संशोधक जॉन झायझेल आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठीच्या १५ विशेष विभागांतील ४२७ रहिवाशांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. बाहेर पडण्याची दारे नजरेत न भरणारी होती तिथे नैराश्य कमी आढळले, आणि खासगी, आपापल्या वस्तूंनी सजवता येणाऱ्या खोल्या होत्या तिथे चिंता व आक्रमकता कमी होती. तरीही दारावर पुस्तकांच्या फळीचे चित्र चिकटवून ते लपवणे ही एक प्रकारची फसवणूकच आहे, हा आक्षेप रास्त आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या संयुक्त राष्ट्र करारानंतर कुलूपबंद विभागांवर प्रश्नचिन्ह अधिक गडद झाले. दार लपवण्याआधी जायला दुसरी जागा द्यावी, म्हणजे निघालेल्या ठिकाणी परत आणणारी वाट असलेली बाग, हा मार्ग अधिक प्रामाणिक. नेदरलँड्समधील वेस्प येथे २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘होखेवेक’ या वसाहतीत ही कल्पना टोकापर्यंत नेली आहे: छोटी घरे, दुकान, उपाहारगृह, चौक, आणि या सगळ्याभोवती एकच सीमा.

या क्षेत्रातले पुरावे सारख्या वजनाचे नाहीत. गडद लाल ताट-पेला वापरल्यावर आहार २५ टक्क्यांनी आणि पेय ८४ टक्क्यांनी वाढल्याचा २००४ चा निष्कर्ष सर्वत्र सांगितला जातो, पण तो अवघ्या ९ पुरुषांवरील निरीक्षण होता. त्यातही परिणाम घडवला तो ठळक रंगभेदाने. लाल रंगात खास काही नाही. अल्झायमर्स डिसीज इंटरनॅशनल या संस्थेचा २०२० चा जागतिक अहवाल स्मृतिभ्रंशस्नेही रचनेच्या विषयालाच वाहिलेला होता.

राहत्या घरात मात्र हात आखडता घ्यावा लागतो. हातांना अंगवळणी पडलेल्या सवयी घटनांच्या आठवणींपेक्षा जास्त काळ टिकतात, म्हणून अंधारातही सापडणारे बटण हलवले किंवा जुना फिरकीचा नळ काढून संवेदकाचा बसवला की चालत असलेले कामही थांबते. बदल करायचेच तर ते आजाराच्या सुरुवातीला, नवी सवय लागण्याइतकी शिकण्याची ताकद शिल्लक असताना करतात. पुढच्या टप्प्यात गालिचे काढणे, प्रकाश वाढवणे आणि रंगभेद ठळक करणे एवढ्यावरच भागवतात.