भिंतीतून सोललेलं चित्र

सोलापूरच्या बाळीवेशीतल्या आमच्या जुन्या घराला गड्ड्याच्या यात्रेआधी चुना मारायचे. कळीचा चुना बादलीत पडला की पाणी खदखदायचं आणि आम्हा पोरांना लांब हाकललं जायचं. चुन्याचा ओला हात भिंतीवर फिक्कट दिसे. दुसऱ्या दिवशी भिंत लख्ख. चुना वाळला, एवढंच तेव्हा कळायचं.

पण नुसतं वाळणं नव्हतं ते. चुनखडी साधारण 900 अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. उरलेली कळी पाण्यात विरते, भिंतीवर चढते आणि तोच वायू हवेतून हळूहळू परत घेते. भिंतीवर पुन्हा चुनखडीच तयार होते!

स्पेनच्या पिरेनीज डोंगरांतल्या ताउल गावी सांत क्लिमेंत नावाचं कॅथलिक चर्च आहे. 10 डिसेंबर 1123 रोजी ते देवाला वाहिलं गेलं. वेदीमागच्या अर्धगोल भिंतीवर चित्रकाराने ओल्या गिलाव्यातच रंग भरले आणि चुना घट्ट होताना रंगाचे कण त्यात अडकले. गिलावा ओला आहे तोवर हात उरकायचा, एवढीच अट. मधोमध येशू बसलेला, हातातल्या पुस्तकावर लॅटिनमध्ये ‘मी जगाचा प्रकाश आहे’. निळा रंग एरिनाइट या खनिजाचा, तिथल्याच डोंगरांत सापडणारा. अफगाणिस्तानच्या लाजवर्दी या महागड्या निळ्या दगडावाचून काही अडलं नाही.

आठशे वर्षं मुरलेलं हे चित्र भिंतीतून निघालं ते चक्क कापडाने. त्या भागातल्या मूर इथल्या चर्चची चित्रं विकली गेली, पुढे ती बोस्टनच्या संग्रहालयात पोचली. तेव्हा उरलेली तरी वाचवावीत म्हणून 1919 ते 1923 या काळात बार्सिलोनाच्या संग्रहालय मंडळाने इटलीहून जाणकार आणवले. त्यांनी चित्रावर सरसाने कापड चिकटवलं. खळ लावलेलं सूत सुकल्यावर कसं ताठरतं हे सोलापुरात कुणाला सांगायला नको. सरसाची ओढ त्याहून कितीतरी जबर. तो सुकताना आकसतो आणि रंगाचा पापुद्रा कापडासकट उचलून घेतो. मग मागून नवं कापड लावायचं, पुढचा सरस गरम पाण्याने सोडवायचा.

वाचवलं म्हणावं की गावाचं नेलं? मला दोन्ही खरं वाटतं. मूळ चित्र बार्सिलोनात आहे. गावात 2013 पासून त्या रिकाम्या भिंतीवर प्रकाशझोताने ते उमटवतात. सरसालाही सगळं काही उचलता आलं नाही. थोडा रंग अजून त्या चुन्यातच आहे.