एसएसएच की व्हीएनसी: शेतातल्या रास्पबेरी पायमध्ये शिरायचं कसं?

जालन्याजवळ आमची मोसंबीची बाग आहे. विहिरीची पाणीपातळी नोंदवायला मोटारीच्या खोलीत एक रास्पबेरी पाय, म्हणजे छोटासा कॉम्प्युटर, बसवलाय, सोबत सिमवरचा राउटर. मी राहतो संभाजीनगरला. परभणीत शिकणाऱ्या चुलतभावाचा परवा फोन आला, "दादा, एसएसएचनं आत गेलो, पण तिथली स्क्रीनच दिसंना की!"

दिसणारच नाही. एसएसएच आणि व्हीएनसी, दोन्ही लांबच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायच्या वाटा. पण एसएसएचमध्ये ये-जा होते ती नुसत्या अक्षरांची. तुम्ही कमांड टाइप करता, ती तिकडं चालते, उत्तर मजकुरात येतं. व्हीएनसी तिकडच्या स्क्रीनचं चित्रच पाठवतं आणि तुमचा माउस, कीबोर्ड तिकडं नेतं. त्यामुळं शेतात रेंजची एकच काडी उरली तरी एसएसएच तग धरतं; व्हीएनसीत माउस हलवावा आणि चहा टाकून यावा.

पण हलकं म्हणून निर्धास्त राहू नका. जुन्या नोंदींची बेरीज करणारी स्क्रिप्ट मी एकदा एसएसएचमधून सुरू केली आणि अर्ध्यात रेंज गेली. स्क्रिप्टही गेली. एसएसएचचं सत्र तुटलं की त्यात थेट चालवलेला प्रोग्राम सहसा बंद पडतो. व्हीएनसी तुटलं तर फक्त आपलं बघणं थांबतं. पायच्या डेस्कटॉपवर उघडलेलं काम चालूच राहतं. आता मी आत शिरलो की आधी टीमक्स (सत्र तुटलं तरी काम चालू ठेवणारा प्रोग्राम) लावतो, मग लाइन तुटली तरी काम तिथंच सापडतं. (वीजच गेली तर दोघांचाही इलाज नाही.)

सुरक्षिततेतही फरक आहे. फिनलंडच्या तातू इलोनेननं १९९५ मध्ये एसएसएच लिहिलं तेच विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यावर, म्हणून एन्क्रिप्शन (मजकूर सांकेतिक करून पाठवणं) त्यात जन्मापासून आहे. व्हीएनसीच्या मूळ रचनेत ते नव्हतं. नव्या प्रोग्रामांत असतं. तरी व्हीएनसीचं ५९०० पोर्ट, म्हणजे त्याचं आत यायचं दार, इंटरनेटवर उघडं टाकू नये. व्हीएनसी एसएसएचच्या बोगद्यातून न्यावं, नाहीतर आमच्यासारखं टेलस्केल (आपली यंत्रं खासगी नेटवर्कात जोडणारा प्रोग्राम) लावावं. सिमच्या नेटला बहुधा स्वतःचा पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचता येईल असा पत्ता) नसतो, त्यामुळं बाहेरून पोचायला तसंही काहीतरी लागतंच.

रास्पबेरी पायवर दोन्ही सोयी मुळात बंद असतात. मेमरी कार्ड बनवतानाच इमेजरमध्ये (कार्डावर सिस्टिम टाकणाऱ्या प्रोग्राममध्ये) एसएसएच चालू करून ठेवावं. व्हीएनसी मग एसएसएचमधूनच, रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या कमांडनं चालू करता येतं.

भावाला विचारलं, स्क्रीन कशाला पाहिजे? तर म्हणे, पाणीपातळीचा आलेख बघायचाय. मग व्हीएनसी कशाला? एससीपीनं (एसएसएचवरून फाइल आणणाऱ्या कमांडनं) ती एक फाइल ओढून घे म्हटलं.